तारीख त्यांची, तयारी आपली: पुण्याहून परदेशातल्या औद्योगिक प्रदर्शनाला जाताना

भोसरी, चाकण, रांजणगावच्या वर्कशॉपमधून हॅनोव्हरला, फ्रँकफर्टला, ग्वांगझूला जाणारे आता पुष्कळ झालेत. फजिती होते ती प्रदर्शनाच्या हॉलमध्ये फारशी होत नाही. ती आधीच कुठेतरी झालेली असते. व्हिसाची अपॉइंटमेंट महिनाभर पुढची मिळते, पासपोर्टात कोरी पानं उरलेली नसतात, नाहीतर ऐन वेळी खंडाळ्याच्या घाटात ट्रक उलटतो. साखरपुडा आठ दिवस पुढे ढकलता येतो, प्रदर्शन ढकलता येत नाही. म्हणून सगळी कामं उलटीकडून मोजायची. प्रदर्शनाचा पहिला दिवस धरायचा आणि मागे मागे यायचं.

इथे मुख्य उदाहरण हॅनोव्हरचं घेतलं आहे. शहर बदललं तरी हिशेब तोच राहतो, फक्त व्हिसा आणि पैशाचे नियम बदलतात.

आधी कॅलेंडर

हॅनोव्हर मेसे हे जर्मनीतलं मोठं औद्योगिक प्रदर्शन १९४७ पासून भरतं आणि आता दर वर्षी वसंतात असतं. मशीन टूलवाल्यांचं ईएमओ मात्र एकाआड एक वर्षी, विषम साली येतं, आणि तेही दोनदा हॅनोव्हरला झालं की तिसऱ्यांदा मिलानला. २०२३ आणि २०२५ हॅनोव्हरला झालं, २०२७ चं मिलानला आहे. 'ईएमओ म्हणजे जर्मनी' असं डोक्यात पक्कं बसलेला माणूस २०२७ साठी जर्मनीच्या व्हिसाची चौकशी करत बसेल आणि गरज असेल इटलीच्या व्हिसाची. गाड्यांच्या सुट्या भागांचं फ्रँकफर्टचं ऑटोमेकॅनिका सम सालच्या सप्टेंबरात. प्लॅस्टिकवाल्यांचं ड्युसेलडॉर्फचं 'के' तीन वर्षांतून एकदा, ऑक्टोबरात. ते २०२५ ला होऊन गेलं.

चीनमधल्या ग्वांगझूच्या कँटन फेअरचा घोळ वेगळा. ते वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरतं आणि प्रत्येक वेळी त्याचे तीन टप्पे असतात. यंत्रं, इलेक्ट्रॉनिक्स पहिल्या टप्प्यात. घरगुती वस्तू, सजावटीचं सामान दुसऱ्यात. कापड, खेळणी वगैरे तिसऱ्यात. टप्पा चुकला की हॉल तोच, पण कंप्रेसरच्या जागी टेडी बेअर.

आणि आपलं कॅलेंडरही बघा. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि शिकागोचं आयएमटीएस हे मशीन टूलचं प्रदर्शन त्याच दिवशी सुरू होतं. घरी गणपती बसत असेल तर हे तिकीट काढल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. शिकागोला जायचं तर अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीला लागणारी वाट बघूनच ठरवावं. तिथे सहा महिने पुरतीलच असं धरून चालू नका.

व्हिसा: इथेच सगळ्यात जास्त माणसं अडकतात

जर्मनी, इटली, फ्रान्स यांना मिळून एकच, शेंगेन व्हिसा लागतो. धंद्याच्या छोट्या भेटीसाठी 'सी' प्रकारचा. त्यावर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निकाल साधारण १५ दिवसांत लागतो, पण शंका निघाली तर ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. म्हणजे नियमाला १५ दिवस चालत असले तरी शहाण्या माणसाने तीन महिने धरावेत, कारण मोठ्या प्रदर्शनाच्या आधी अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. मोठ्या माणसासाठी फी ९० युरो आहे, ११ जून २०२४ पासून. त्यावर व्हीएफएसचे, म्हणजे अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीचे सेवाशुल्क वेगळे. जर्मनीचा अर्ज पुण्यातल्या व्हीएफएस केंद्रात देता येतो. निर्णय मात्र मुंबईच्या वकिलातीच्या यंत्रणेत होतो, त्यामुळे 'माझ्या अर्जाचं काय झालं' हे काउंटरवरच्या मुलीला विचारून उपयोग नाही. तिच्या हातात ते नसतं.

पासपोर्ट आधी उघडून बघा. तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परत येण्याच्या तारखेपुढे निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. पानं संपली असतील तर आधी मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वारी, मग व्हिसा. हे दोन्ही एका महिन्यात बसवायला गेलं की तत्काळचे पैसेही जातात आणि झोपही.

व्हिसा कोणत्या देशाचा मागायचा? जिथे मुख्य काम किंवा सर्वात जास्त दिवस, त्या देशाचा. चार दिवस हॅनोव्हर आणि मग बायको-मुलांना बोलावून सहा दिवस इटली असा बेत असेल तर अर्ज वाचणारा विचारणारच की हा माणूस नक्की कशाला चाललाय. प्रदर्शनाच्या निमित्ताने पहिल्यांदा जात असाल तर सहल या खेपेला छोटी ठेवा. एकदा व्हिसा मिळून तो नीट वापरला की पुढचं सोपं होतं. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सैल झालेत. गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन रीतसर वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा.

कागद. ऑनलाइन भरलेला अर्ज, ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचे फोटो, विमान आणि हॉटेलचं आरक्षण, प्रवास विमा, प्रदर्शनाचं तिकीट किंवा आयोजकांचं निमंत्रणपत्र. विमा निदान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांसाठी आणि मुक्कामाच्या एकूण एक दिवसाचा हवा. परतीचं विमान रात्री बाराच्या पुढे सुटत असेल तर तोही दिवस धरा, नेमका तोच विम्यातून निसटतो. मालकाने धंद्याचे कागद जोडायचे: जीएसटी नोंदणी, उद्यम प्रमाणपत्र, भागीदारी असेल तर तिचं डीड, कंपनीचं आणि स्वतःचं बँक स्टेटमेंट, आयटीआर. नोकरदाराने कंपनीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, रजा मंजूर झाल्याचं पत्र. मराठा चेंबरसारख्या उद्योजकांच्या संघटनेचे सदस्य असाल तर शिफारसपत्र मागून घ्या. त्याने व्हिसा मिळतो असं नाही, पण कारखाना खरा आहे याला एक साक्षीदार होतो.

नकाराची कारणं छापील फॉर्मवर टिक करून येतात. धंदेवाल्यांच्या वाट्याला नेहमी येणारी दोन: प्रवासाचा हेतू पटला नाही, आणि मुदतीत परत याल याची खात्री वाटली नाही. दोन्हींवर उपाय एकच, कव्हरिंग लेटर. तेच सगळ्यात आळसाने लिहिलं जातं. 'आय वाँट टू व्हिजिट एक्झिबिशन फॉर बिझनेस पर्पज' या ओळीतून काहीही कळत नाही. समजा, भोसरीत टर्निंगचं काम आहे, आठ सीएनसी मशीन आहेत, चौदा माणसं आहेत. मग पत्रात तेच लिहा. कुठल्या कंपन्यांसाठी कोणते जॉब करता, सध्या ५० मिलिमीटरपर्यंतच्या शाफ्टला दोन सेटिंग लागतात, ते एका सेटिंगमध्ये व्हावेत म्हणून सब-स्पिंडलचं मशीन बघायचं आहे, त्यासाठी अमुक हॉलमधल्या अमुक चार स्टॉलवर भेटी ठरल्या आहेत, त्यांच्या मेल सोबत जोडल्या आहेत. खर्च कंपनी करणार, अमुक तारखेला परत, आणि मागे कारखाना कोण सांभाळणार. एक पान पुरतं. त्यातली प्रत्येक गोष्ट जोडलेल्या कागदात सापडली पाहिजे. पत्रात चौदा माणसं आणि ताळेबंदात पगाराचा खर्च दोन माणसांचा, असं असलं की संपलं.

आणखी एक जुनी खोड: अर्जाच्या आठवडाभर आधी मेहुण्याकडून पाच लाख घेऊन खात्यात दाखवायचे. स्टेटमेंट वाचणारी माणसं हे रोज बघतात. सहा महिने हळूहळू फिरणारे दोन लाख त्यापेक्षा कितीतरी बरे दिसतात.

नकार आलाच तर जर्मनीकडे पूर्वी लेखी फेरविचार मागता यायचा, १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नवा अर्ज, नाहीतर थेट तिथलं कोर्ट. त्यामुळे पहिलाच अर्ज नेटका द्यावा.

नावाचं एक छोटं लफडं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं आणि पासपोर्टवर ते स्वतःच्या नावाच्या रकान्यात जोडलेलं असतं. तिकीट, विमा, प्रदर्शनाचा पास, हॉटेल, सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव, त्याच क्रमाने. कार्यालयातल्या पोराला 'कुलकर्णी साहेबांचं तिकीट काढ' एवढंच सांगितलं की तो व्हिजिटिंग कार्डवरचं नाव टाकतो.

पैसे

कंपनीच्या कामासाठी, कंपनीच्या खर्चाने जाणाऱ्याचा हिशेब वेगळा आणि स्वतःच्या खात्यातून परकीय चलन घेणाऱ्याचा वेगळा. दुसऱ्याला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आणि ठरावीक रकमेपुढे टीसीएस, म्हणजे आगाऊ कापला जाणारा कर लागतो. एजंटचं पॅकेज घेतलं तरी टीसीएस कापला जातो. तो बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो, पण तुमच्या सीएला सांगायला विसरू नका.

रोख परकीय नोटा एका फेरीला ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंत मिळतात, बाकीचं फॉरेक्स कार्डात घ्या. जर्मनीत रोख लागते. यूपीआयची सवय झालेल्या पुणेकराला हे विचित्र वाटेल, पण छोट्या हॉटेलात आणि बेकरीत तिथलं स्थानिक कार्ड नाहीतर रोख एवढंच चालतं असं आजही घडतं. चारपाच दिवसांना दोनतीनशे युरो सुटे, ५ आणि १० च्या नोटांत ठेवा. १०,००० युरो किंवा जास्त रोख नेली तर सीमाशुल्काला सांगावं लागतं. तेवढी नेण्याचं कारणही नाही.

भारतीय कार्डं परदेशी वापरासाठी मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ती सुरू करावी लागतात, तीही पुण्यात असतानाच. मशीनवर 'युरोत की रुपयात' असं विचारलं तर युरो निवडा. रुपये निवडले की भाव दुकानदाराच्या बँकेचा लागतो आणि तो नेहमी महाग पडतो.

आणि ओटीपी. तिथलं ई-सिम घेतलं की पुष्कळ जण इथलं सिम काढून ठेवतात. मग कार्डाचा ओटीपी कुठे येणार? इथलं सिम फोनमध्येच राहू द्या, त्यावर रोमिंग चालू आणि डेटा बंद, इंटरनेट ई-सिमवर. मालकाच्या फोनवर कंपनीच्या खात्याचाही ओटीपी येतो आणि महिन्याची सात तारीख, पगाराची, प्रदर्शनासाठी थांबत नाही. चीनला जात असाल तर अलिपे किंवा वीचॅट पुण्यातच उतरवून त्यात आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून ठेवा. तिथे गुगलचे नकाशे आणि व्हॉट्सॲप नेहमीसारखं चालत नाही.

पुणे ते विमान

लोहगावहून युरोपला थेट विमान नाही, म्हणून बहुतेकांची वाट मुंबईवरून. मुंबईहून सुटणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतरची असतात, आणि इथे दर वर्षी कोणीतरी फसतं. तिकिटावर '१४ तारीख, ०१:४५' असेल तर घर १३ च्या संध्याकाळी सोडायचं. १४ च्या संध्याकाळी बॅग भरून निघालेल्याचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं.

विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, म्हणजे पावणेअकरा. पुण्याहून मुंबईच्या सहार विमानतळाला एरवी साडेतीन-चार तास, म्हणून साडेसहाला निघालं तरी चालेल असं गणित सांगतं. त्या गणितावर जाऊ नका. साडेचारला निघा. शुक्रवारची संध्याकाळ, पावसाळ्यातली दरड, बोरघाटात बंद पडलेला कंटेनर, यातलं एक जरी आलं तरी दोन तास गेले. लवकर पोचलात तर दोन तास बसावं लागेल, तेवढंच. नवी मुंबईचा विमानतळही आता सुरू झाला आहे, तेव्हा गाडीवाल्याला 'मुंबई एअरपोर्ट' एवढं मोघम न सांगता तिकिटावरचं नाव वाचून सांगा.

मधे विमान बदलायचं असेल तर युरोपात पहिल्यांदा जिथे उतराल तिथे इमिग्रेशन होतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्याऐवजी संगणकावर नोंद करण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली. चेहऱ्याचा फोटो घेतात, बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळच्या ठशांशी ताडतात. रांग लांबते. दीड तासाचं कनेक्शन स्वस्त दिसतं, घेऊ नका. तीन तास ठेवा. फ्रँकफर्टला उतरून विमानतळाला जोडलेल्याच स्टेशनातून आयसीई या वेगवान गाडीने हॅनोव्हर गाठणं हा त्याहून सोपा मार्ग, साधारण तीन तासांचा.

बॅगेत काय, आणि कुठल्या बॅगेत

पॉवर बँक केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-अवर भरते. व्हर्नियर, मायक्रोमीटर, कटिंग टूल, धारदार जॉब हे सगळं चेक-इनमध्ये टाका. केबिनमध्ये नेलंत तर सुरक्षेचा जवान टोकदार वस्तू म्हणून बाजूला काढेल आणि त्याच्याशी वाद घालून मायक्रोमीटर परत मिळत नाही.

नमुन्याचे जॉब नेत असाल तर तेल नीट पुसा, गंजरोधक कागदात गुंडाळा, प्रत्येकावर ड्रॉइंग नंबर लावा आणि सोबत एक साधं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस ठेवा, 'विक्रीसाठी नाही, नमुना' असं लिहिलेलं. किंमत शून्य लिहू नका, शून्य किमतीवर कस्टमचा विश्वास बसत नाही. खरी, छोटी रक्कम लिहा. महागडं उपकरण नेऊन परत आणायचं असेल तर एटीए कार्नेट काढा, म्हणजे माल तात्पुरता नेऊन परत आणण्याचा कस्टमचा दाखला. भारतात ते फिक्की ही उद्योग संघटना देते आणि ते एक वर्षापर्यंत चालतं. कार्नेटच्या पानांवर चार वेळा शिक्का लागतो: भारतातून निघताना, तिथे शिरताना, तिथून निघताना, भारतात परत येताना. तिसरा हमखास राहतो, कारण परतीला घाई असते आणि कस्टमचं काउंटर कुठे आहे हे कोणाला माहीत नसतं. तो राहिला की माल तिथेच विकला असं धरून ड्यूटी मागतात. त्या एका शिक्क्यासाठी परतीला तासभर जास्त ठेवा. प्रदर्शनात इन्सर्टचे डबे स्वस्त मिळाले म्हणून बॅगेत भरून आणू नका. धंद्याचा माल कुरिअरने, बिलासकट, तुमच्या आयईसी (आयात-निर्यात) नंबरवर मागवा.

आता खाणं. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ वैयक्तिक सामानातही नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खव्याची बर्फी, तुपाची बरणी बाद. बाकरवडी, चकली, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, ठेपले यांना अडचण नाही. हॅनोव्हर मेसे एप्रिलात येतं आणि तिकडच्या एजंटला हापूसची पेटी न्यावी असा मोह होतो. ताजा आंबा रोपांच्या आरोग्याच्या दाखल्याशिवाय जात नाही, कढीपत्त्याची जुडीही नाही. पेटी फ्रँकफर्टच्या कचऱ्यात जाते. भेट म्हणून काजू घ्या.

कपडे: पुण्यात एप्रिलात ३८ अंश असताना हॅनोव्हरला सकाळी ४ ते ५ असू शकतं. जाकीट हवंच, आणि छत्रीही. बूट नवे नकोत. निदान महिनाभर वापरलेले हवेत, कारण दिवसाला १२-१५ किलोमीटर चालणं होतं. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. फोनचा दोन पिनी चार्जर तसाच बसतो, लॅपटॉपची तीन पिनी बसत नाही. अडॅप्टर लक्ष्मी रोडवर किंवा बुधवार पेठेत घ्या, विमानतळावर तोच अडॅप्टर कैक पट महाग मिळतो.

राहणं आणि गाडी

प्रदर्शनाच्या आठवड्यात हॅनोव्हरचे हॉटेलदर कित्येक पटींनी वाढतात आणि गावातली मंडळी घरातल्या खोल्याही भाड्याने देतात. पहिल्यांदा जाणारा शहरात खोली मिळेना म्हणून हबकतो. तसं करायचं कारण नाही. हिल्डेसहाइम ३० किलोमीटरवर, ब्राउनश्वाइग ६० च्या आसपास, आणि गॉटिंगेन शंभरेक किलोमीटरवर असलं तरी आयसीईने पाऊणएक तासात पोचवतं. हिंजवडीला रोज जाणाऱ्याला हे अंतर वाटायचं नाही. खोली प्रदर्शनाचं तिकीट काढायच्या आधी, फुकट रद्द करता येणाऱ्या दरात पकडून ठेवा. व्हिसा नाकारला गेला तर पैसे अडकत नाहीत.

'आम्ही प्रदर्शनाचे अधिकृत निवास भागीदार' अशी ईमेल येते तेव्हा आयोजकांच्या वेबसाइटवर ते नाव आहे का बघा. नसेल तर कार्ड नंबर देऊ नका. मागाहून 'पाहुण्यांची यादी विकत घ्या' किंवा 'कंपनीची माहिती तपासून सही करून पाठवा' अशाही मेल येतात. त्या सहीखाली बारीक अक्षरात तीन वर्षांची वर्गणी असते.

शहराच्या मुख्य स्टेशनातून मैदानाला ८ नंबरची ट्राम उत्तर दरवाज्याला नेते, पूर्वेला जाणारी ६ नंबरची मात्र स्टेशनातून नाही, जवळच्या क्रोप्के थांब्यावरून मिळते. कुठला दरवाजा घ्यायचा ते तुमची पहिली भेट ज्या हॉलमध्ये आहे त्यावर ठरवा, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत अर्धा तास सहज जातो. पश्चिमेला मेसे-लात्सेन नावाचं रेल्वे स्टेशन आहे, प्रदर्शनाच्या दिवसांत लांबच्या गाड्याही तिथे थांबतात. काही प्रदर्शनांच्या पासवर शहरातली ट्राम फुकट असते, पासवरच तसं लिहिलेलं असतं. नसेल तर तिकीट काढा, आणि ते मशीनमध्ये छापून घ्यायच्या प्रकारचं असेल तर छापूनही घ्या. छापलं नाही तर तिकीट खिशात असूनही ६० युरो दंड, आणि 'मला माहीत नव्हतं' तिथे ऐकून घेत नाहीत.

जर्मन गाड्या वेळेवर धावतात ही ऐकीव गोष्ट सोडून द्या. त्या उशिरा येतात, बऱ्याचदा. स्वस्त तिकीट एकाच ठरलेल्या गाडीला बांधलेलं असतं, पण पोचायला २० मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर तेच तिकीट दुसऱ्या गाडीला चालतं. तासभर उशिराला २५ टक्के, दोन तासांना ५० टक्के पैसे परत मागता येतात. परतीच्या विमानासाठी म्हणूनच निदान एक गाडी आधीची घ्या.

मैदानावर

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पोचा. घड्याळ साडेतीन तास मागे जातं (मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर; हिवाळ्यात साडेचार), त्यामुळे पहाटे चारला जाग येते आणि संध्याकाळी सातलाच डोळे मिटायला लागतात. याचा फायदा असा की दरवाजे उघडताना तुम्ही तिथे असता. तोटा असा की स्टॉलवाल्याने रात्री जेवायला बोलावलं तर तुम्ही सूपवर पेंगता. महत्त्वाच्या भेटी सकाळी साडेनऊ ते अकरात लावा.

भेटी पुण्यातून ठरवून जा, दिवसाला पाच किंवा सहा. दहा लावल्या तर सातव्यापासून सगळे चुकतात. स्टॉलवर 'प्राइस काय' हा पहिला प्रश्न विचारू नका, समोरचा हात झटकतो. ड्रॉइंग टेबलावर ठेवा, शक्य असेल तर जॉबही, आणि विचारा: या मटेरियलला, या टॉलरन्सला सायकल टाइम किती? आमच्याकडे ४१५ व्होल्ट थ्री फेज आहे, ट्रान्सफॉर्मर लागेल का? मे महिन्यात शेडमध्ये ४० अंश असतं, पॅनेलचा कूलर पुरेल का? स्पिंडल गेला तर सुटा भाग कुठून येतो, पुण्यात तुमचा सर्व्हिसचा माणूस बसतो की बंगळुरूहून येतो? डिलिव्हरी किती आठवड्यांत? या पाच प्रश्नांची उत्तरं मिळाली की किमतीची बोलणी नंतर मेलवर होतात. जॉबचं ड्रॉइंग ग्राहकाचं असेल तर त्याचं नाव आणि लोगो झाकून न्या. ग्राहकाशी गोपनीयतेचा करार केलेला असतो आणि भर हॉलमध्ये तो कोणाला आठवत नाही.

फोटो विचारल्याशिवाय काढू नका. कव्हर उघडून ठेवलेल्या मशीनकडे फोन धरलात तर ओरडा बसतो, आणि तो बरोबर असतो.

माणूस दिसायला वेगळा वाटत नाही, कार्डं सारखीच दिसतात, संध्याकाळी चाळीस कार्डांतलं कोणतं कुणाचं कळत नाही. उपाय जुनाच. स्टॉलवरून निघाल्यावर दहा पावलं पुढे जाऊन कार्डाच्या मागे तीन गोष्टी लिहा: हॉल-स्टॉल नंबर, त्याने काय कबूल केलं, आपण काय पाठवायचं. मग कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो. ब्रोशर घेऊ नका, एकेक अर्धा किलोचं असतं. पीडीएफ मागा.

पाणी तिथल्या नळाचं पिता येतं, रिकामी बाटली न्या. विकतची घेतलीत तर 'श्टिल' म्हणा, नाहीतर सोडा मिळतो. बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट असतं. शाकाहाऱ्याची हॉलमध्ये फार पंचाईत होत नाही, पण दुपारी एकला रांगा लागतात, साडेबाराला जा. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा रविवारी पोचणाऱ्याने रात्रीचं जेवण बॅगेतलं समजावं.

काही बिघडलंच तर

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार (फोन ११०, अपघात-आजारपणाला ११२), तिची प्रत घेऊन भारताच्या वकिलातीत. हॅनोव्हर ज्या लोअर सॅक्सनी राज्यात येतं त्याचं काम हॅम्बुर्गच्या वकिलातीकडे आहे, फ्रँकफर्टच्या नव्हे. पासपोर्टचं पहिलं पान आणि व्हिसा यांचे फोटो मेलमध्ये ठेवलेले असले, दोन पासपोर्ट फोटो पाकिटात असले तर भारतात परत येण्यापुरता तातडीचा दाखला मिळणं सोपं जातं. नेहमीची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, केबिन बॅगेत.

शेवटच्या दिवशी दुपारनंतर स्टॉल आवरायला लागतात. ज्याला भेटायला एवढं आलात तो माणूस दोनच्या सुमाराला स्वतःच गाडी पकडून गेलेला असतो. त्या दिवशी फक्त राहिलेले हॉल बघा, सामान हॉटेलात ठेवून या. स्टेशनावरचे लॉकर त्या दिवशी भरलेले असतात.

पुण्यात आल्यावर पहिल्या तीन दिवसांत मेल गेले पाहिजेत. विषयाच्या ओळीत हॉल आणि स्टॉल नंबर, भेटीची तारीख, जॉबचं नाव. समोरच्या सेल्सवाल्याकडे त्या आठवड्यात शेकडो कार्डं जमलेली असतात आणि त्याला तुमचा चेहरा आठवत नाही, पण '५० मिलिमीटरचा शाफ्ट, दोन सेटिंगचं एक' एवढं वाचलं की टेबलावर ठेवलेला तो जॉब आठवतो.